ड्रायव्हरांचा दुष्काळ

त्या साली दिवाळी सरली आणि लष्कर शहरात, बाड्याच्या चौकात तात्यासाहेबांनी एकच रड लावली. संस्थानात ड्रायव्हरांचा दुष्काळ पडलाय. पानवाल्याला ते हेच सांगायचे, शिंप्याला सांगायचे, देवळात घंटा वाजवता वाजवता पुजाऱ्यालाही सांगायचे. फूलबागेमागे त्यांची लॉऱ्यांची शेड होती. एरवी शिवपुरी-गुण्याच्या वाटेवर धूळ उडवणाऱ्या लॉऱ्या तिथं ओळीनं उभ्या होत्या आणि बॉनेटवर कोंबड्या बसत होत्या. व्यापाऱ्यांचा माल पडून होता. तात्यासाहेब म्हणजे जुन्या सरदार घराण्यातले, अंगानं भरलेले, मनानं चांगले, पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात बसली की ती तिथंच बसणार.

आणि मुरार ओलांडून पलीकडे आमचा शिलेदारपुरा. दुपारच्या वेळी पिंपळाच्या पाराशी उभं राहून कोणी नुसतं "ड्रायव्हर" म्हणून हाक मारली असती, तर निम्मा पार उठून उभा राहिला असता. आमचे आजे-पणजे दख्खनेतून घोड्यावर बसून इथं आले. घोडी गेली, तेव्हा पोरं पलटणीच्या मोटारखात्यात शिरली आणि लॉरी हाकायला शिकून बाहेर पडली. त्यातला जयसिंहराव आता टांगा हाकत होता. एकजण दूध घालत होता, एकजण सासुरवाडीला पडून होता. सूर्याजी आपल्या शेतात नांगरट करत होता. लॉरीचं नाव काढलं की सगळे दुसरीकडे बघायचे.

का, ते सूर्याजीच्या बायकोला विचारावं. विजयाबाई सांगायला एका पायावर तयार असे.

मागल्या कार्तिकात तात्यासाहेब म्हणाले होते, "सूर्याजी, गुण्याला माल टाकून ये. परवा घरी असशील." सूर्याजी गेला. गुण्याच्या मंडईत परतीचा माल भरणारा अडत्या म्हणाला, "बस भाई, अभी भरवाते हैं." ते 'अभी' काही उजाडेना. लॉरी सोडून हलावं तर टायर जातील, म्हणून सूर्याजी लॉरीखाली गोणपाट टाकून पडला. अंगाला तेलाचा वास, केसांत भुसा, पोटात हरभरे. मजुरी फेऱ्याची ठरलेली, बसल्या दिवसाला कोणी विचारत नव्हतं. इकडे विजयाबाई रोज सकाळी रानात जाऊन मातीत बोट खुपसून बघायची. एके दिवशी बोट कोरडं निघालं. पेरणीची पाभर धरायला माणूस नाही म्हणून त्यांचं गव्हाचं रान उन्हाळ्यापर्यंत उघडं पडलं. त्या वर्षी घरात गहू विकत आणावा लागला नाही, कारण गहू कोणी खाल्लाच नाही.

म्हणून या वर्षी तिनं सूर्याजीला देव्हाऱ्यापुढे बसवलं. खंडोबाचा भंडारा आणि बेलाचं पान त्याच्या हातात दिलं.

"म्हणा, गहू पेरून होईपर्यंत लॉरीच्या चाकाला हात लावणार नाही."

"अगं, मी काय स्वतःहून जाऊन राहिलोय?"

"तुम्ही जात नाही, तुम्हाला नेतात. कोणी 'सूर्याजी' म्हटलं की तुमची मान आपोआप हलते. म्हणा."

सूर्याजी म्हणाला. बेलभंडार उचलून बोललेला शब्द आमच्याकडे कोणी मोडत नाही. शिवाय बायको म्हणाली ते खरंच होतं. त्याला कोणाला नाही म्हणता येत नसे, आणि ही खोड सगळ्या परगण्याला ठाऊक होती.

पेरणीच्या दिवशी सकाळपासून पश्चिमेचा वारा सुटला होता. तो अंगाला गोड लागतो, पण रानाची ओल पिऊन टाकतो. त्यात हिरा बैलाच्या खुरात काटा मोडून त्याचा पाय सुजला होता. दुसरा बैल चंद्या, त्याच्या जोडीला शेजारून एक गोऱ्हा मागून आणला होता, पण तो नवशिका. पुढे कोणी कासरा धरून चाललं तरच सरळ जायचा, नाहीतर जिथं हिरवं दिसेल तिथं वळायचा. तेव्हा सूर्याजीचे वडील तुकोजी पुढे कासरा धरून, सूर्याजी मागे पाभर दाबून, आणि विजयाबाई कासोटा घट्ट खोचून पाभरीच्या चाड्यावर मूठ धरून चालत होती. गहू तिच्या बोटांतून चाड्यात पडायचा आणि नळ्यांतून सळसळत मातीत उतरायचा. सकाळी तिनं पाभरीला भंडारा लावला होता. उरलेला पदराच्या टोकाला बांधून ठेवला होता.

दोन-चार फेरे झाले असतील-नसतील, तोच नाल्याकडून घरघर ऐकू आली. तिघांनीही कान टवकारले. सूर्याजीचा तर चेहराच पडला.

"आपलीच लॉरी," तो म्हणाला. "दुसऱ्या गियरमध्ये रडून राहिलीय. कोण हाकतोय हिला?"

लॉरी तात्यासाहेब स्वतः हाकत होते. गुळाच्या ढेपींनी लादलेली लॉरी घेऊन ते थेट शिलेदारपुऱ्यात आले होते. सूर्याजीला शेतातून उचलायचं आणि तसंच शिवपुरीला रवाना करायचं, असा त्यांचा बेत. नाल्यात पाणी नव्हतं, पण चिखल होता. लॉरीचं पुढचं चाक त्यात रुतलं, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. तात्यासाहेबांनी उतरून हँडल मारलं. हँडलनं उलटा झटका दिला, तेव्हा मनगट चोळत ते बांधाकडे चालू लागले. अंगात लांब कोट, पायात पंप शू आणि हातात रुमालानं झाकलेलं चांदीचं तबक.

ते तबक बघून तुकोजींच्या हातातला कासरा गळाला.

"सूनबाई, विडा आणलाय," ते हळूच म्हणाले. "ह्यांच्या आजोबांनी माझ्या बापाच्या पुढे असाच विडा ठेवला होता. मोहिमेवर जायचा."

आता विड्याचं असं आहे, की धन्यानं पुढे ठेवलेला विडा शिलेदारानं उचलला की कामगिरी गळ्यात पडली. मग पाऊस असो, आग असो. आणि सूर्याजी तर असा, की विड्याकडे बघताच त्याचा हात पुढे जाणार. विजयाबाईनं क्षणात हिशेब केला. एकीकडे बेलभंडार, एकीकडे विडा, मध्ये हा भोळा सांब.

"अहो, ऐका," ती म्हणाली. "तुम्ही पाभरीवरून मान वर करायची नाही. काय बोलायचं ते मी बोलते. मामंजी, कासरा उचला."

तात्यासाहेब बांधावर पोचले. धाप लागली होती.

"सूर्याजी! अरे, राजा, चल लवकर. गूळ शिवपुरीला लग्नघरी पोचायचाय. ड्रायव्हरांचा दुष्काळ पडलाय, बघ. मी स्वतः हाकत आणली, म्हणजे विचार कर."

सूर्याजी पाभर दाबत मातीकडे बघत राहिला. त्याचे कान तेवढे लाल झाले.

"मुजरा, सरकार," विजयाबाई म्हणाली. "बसा ना बाभळीखाली. आत्ता होऊन जाईल. हा फेरा मारला की येतातच."

तात्यासाहेब बसले. तबक शेजारी ठेवलं. फेरा झाला आणि पाभर तशीच वळून दुसऱ्या फेऱ्याला लागली.

"अहो बाई, झाला ना फेरा?"

"झालाच सरकार. बस, जरासा आणखी. तुम्ही बैठा आरामात."

हे जरासं चांगलंच लांबलं. तात्यासाहेबांना उठून घरीही जाता येईना, कारण नाल्यात लॉरी उभी आणि लॉरीत परक्याचा गूळ. गावातल्या शेळ्यांना तोवर वास लागला होता. एक काळी शेळी थेट फळीवर पाय टेकून पोतं चाटत होती. तात्यासाहेब धावले. शेळी हाकलली, तर गांधीलमाश्या जमल्या. मग ते बाभळीची फांदी मोडून घेऊन गुळाच्या पोत्यांवरच बसले आणि वारा घालू लागले. ऊन चढत गेलं. कोटाची बटणं एकेक करून उघडत गेली.

जयसिंहराव मुरारच्या बाजारातून रिकामा टांगा घेऊन परतत होता. नाल्यात त्यानं टांगा थांबवला आणि अगदी अदबीनं विचारलं, "क्या सरकार, माल भरला का?"

"भरलेलाच आहे रे. हाकायला माणूस नाही."

"फिर तो बैठना पडेगा," जयसिंहराव मान हलवून म्हणाला. "टायर सांभाळा हं. या भागात टायर जातात." आणि टांगा घेऊन निघून गेला. जाता जाता हसण्यानं त्याची पाठ हलत होती, ती तात्यासाहेबांना दिसली असावी.

दुपारी विजयाबाईनं लॉरीपाशी नेऊन भाकरी आणि हरभऱ्याची भाजी दिली. तात्यासाहेबांनी पोत्यावर बसून ती खाल्ली. गुळाचा एक खडाही मोडून घेतला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. माल परक्याचा होता.

"बाई, आणखी किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"आत्ता होतंय, सरकार."

तिची मूठ दुखत होती, पिंढऱ्यांना गोळे आले होते, तरी ते तीन शब्द बोलताना तिला असं काही बरं वाटलं की विचारू नका. वर्षभर ते शब्द तिच्या पोटात होते.

दिवस कलला आणि तुकोजींचा गुडघा गेला. सकाळपासून ढेकळांतून चालणं, त्यात गोऱ्ह्याचे हिसके. एका वळणावर ते मटकन खाली बसले आणि उठता येईना. सूर्याजीनं त्यांना उचलून बांधावर आणलं. गुडघा टरारून सुजला होता. अजून बरंच रान उरलं होतं आणि वारा काही पडत नव्हता. विजयाबाईनं वाकून मातीत बोट खुपसलं. ओल अजून होती, पण उद्या सकाळी असेल असं सांगता येत नव्हतं. सूर्याजीनं एकट्यानं पाभर हाकून बघितली, तर गोऱ्हा सरळ बाभळीकडे निघाला.

तात्यासाहेब लॉरीवरून उतरून आले होते. "मजूर लावा की एखादा."

"मजूर कुठून आणू, सरकार? सगळं गाव आपापल्या पाभरीमागे आहे. मजुरांचा दुष्काळ पडलाय."

तात्यासाहेबांच्या कपाळाची शीर उडाली. शेळ्या, माश्या, ऊन, जयसिंहराव, सगळं एकदम वर आलं.

"म्हणजे मी असाच बसून राहू? सकाळपासून बसलोय! आत्ता, आत्ता म्हणून बसवून ठेवलंत. माझा आख्खा दिवस गेला, हा दिवस मला कोण भरून देणार?"

बोलून गेले आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

सूर्याजीनं त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, उलट जरा लाजल्यासारखं झालं होतं.

"गुण्यात मी हेच म्हणत होतो, सरकार," तो म्हणाला. "रोज. फक्त ऐकायला समोर कोणी नव्हतं."

गोऱ्हा बाभळीचा पाला ओरबाडत होता. मग तात्यासाहेबांनी कोट काढला, घडी घालून तबकाशेजारी ठेवला, पंप शू काढले, धोतर वर खोचलं.

"कासरा इकडे द्या," ते म्हणाले. "कसा धरायचा?"

तुकोजी बांधावरून ओरडले, "सरकार! नको! सूर्याजी, धन्याला बैलापुढे—"

"तुकोजी, तू गप्प बस. गुडघा शेक."

तात्यासाहेब गोऱ्ह्यापुढे चालू लागले. सरदार घराण्यातला माणूस घोडा उत्तम ओळखतो, पण बैलाचं काही निराळं असतं. ते मागे वळून बघायचे आणि त्यांनी बघितलं की गोऱ्हाही तिकडे वळायचा. पहिली ओळ अशी काही वाकडी गेली की विजयाबाईला हसू आवरेना आणि चाड्यातून गहू बाहेर सांडला. सूर्याजी मागून सांगत होता, "सरकार, समोर बघा. तो लिंब दिसतोय ना, त्याच्यावर नजर ठेवा. आम्हाला सडकेवर असंच शिकवलं होतं." मग ओळी सरळ झाल्या. तात्यासाहेबांच्या तळव्यांत सराटे मोडले, सदरा पाठीला चिकटला. पण मधूनच ते खुशीत "हां, चल राजा" म्हणत होते आणि ते बैलाला म्हणत होते.

सूर्य लिंबामागे गेला तेव्हा शेवटची मूठ चाड्यात पडली. सूर्याजीनं पाभर उलटी केली आणि तिथंच मातीत पाय पसरून बसला. विजयाबाईनं आभाळाकडे बघून हात जोडले. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचं तिच्या मनातही आलं नाही.

मग तात्यासाहेबांनी तबकावरचा रुमाल काढला. विडा सुकून आकसला होता, पण विडा तो विडाच. त्यांनी तो सूर्याजीपुढे धरला.

"पेरणी झाली. आता तरी उचल."

सूर्याजीचा हात निघालाच होता.

"थांबा," विजयाबाई म्हणाली. बांधावरच्या बेलाचं एक पान तिनं तोडलं, पदराची गाठ सोडून त्यावर भंडारा ठेवला आणि तो हात तात्यासाहेबांपुढे केला. "आधी सरकारांनी हे उचलायचं. ड्रायव्हर मालासाठी बसून राहिला, तर त्या दिवसाची मजुरी चालू. आणि ज्या दिवशी घरी यायचं ठरलं, त्या दिवशी घरी. माल भरला नाही, तर लॉरी रिकामी आणायची."

सरदाराकडून शपथ मागायची म्हणजे काय! आमच्या पुऱ्यात असं कोणाच्या आज्यानं केलं नव्हतं. सूर्याजी बायकोकडे बघायचा, मग बापाकडे. आता म्हातारा काठी घेऊन उठणार, असंच त्याला वाटलं.

तुकोजी खरंच उठले. एका पायावर, बाभळीचा आधार घेऊन.

"उचला, सरकार," ते म्हणाले. "मागच्या वर्षी मला गव्हाची पोळी मिळाली नाही. होळीलासुद्धा. पोराला मी काही बोललो नाही, सुनेलाही नाही. पण पोळी मिळाली नाही."

तात्यासाहेबांनी कासऱ्यानं लाल झालेला हात पुढे केला, बेलाचं पान उचललं आणि भंडारा कपाळाला लावला.

"उचलला," ते म्हणाले. "अरे, रिकामी लॉरी आणण्यात माझंच भलं आहे. अडत्याला माझी लॉरी म्हणजे फुकटचं गोदाम झाली होती. आणि मी बाड्यावर बोंबलत होतो, माणसं नाहीत म्हणून. माणसं होती. ती सगळी गुण्याला लॉरीखाली झोपली होती."

सूर्याजीनं विडा उचलला आणि तिथल्या तिथं तोंडात टाकला. मग चंद्या आणि तो गोऱ्हा लॉरीला जुंपले, पुऱ्यातले चार-पाचजण मागून रेटायला आले, आणि लॉरी चिखलातून वर निघाली. सूर्याजी चाकावर बसला. इंजिन पहिल्याच हँडलला सुरू झालं. "बघा," तात्यासाहेब सगळ्यांना सांगत सुटले, "हिलासुद्धा माणूस कळतो." जयसिंहराव तिथंच उभा होता. त्यानं सहज विचारल्यासारखं केलं, "सरकार, वो बेलभंडार अकेले सूर्याजी के लिए है, की सगळ्यांसाठी?"

"सगळ्यांसाठी," तात्यासाहेब म्हणाले.

त्या आठवड्यात शेडमधल्या कोंबड्यांना बॉनेट सोडून भिंतीवर बसावं लागलं. अडत्या मात्र बेलभंडार उचलणारा नव्हता. त्यानं पहिल्याच खेपेला "अभी भरवाते हैं" म्हटलं. सूर्याजीनं ठरल्या दिवसापर्यंत वाट बघितली आणि रिकामी लॉरी घेऊन निघाला, तर अडत्या मागे पळत आला. तेव्हापासून गुण्याचं 'अभी' पुष्कळच आखूड झालं.

गहू उगवला तेव्हा सगळं शेत सरळ, आणि मध्ये एक ओळ नागमोडी. आल्यागेल्याला ती दाखवली जायची. तात्यासाहेब स्वतः दोनदा बघून गेले आणि बरोबर पाहुणे घेऊन गेले.

चैत्रात खळं झालं. नव्या गव्हाच्या पहिल्या पोळ्यांना विजयाबाईनं तात्यासाहेबांना बोलावलं. सूर्याजी गुण्याला गेलेला. आज संध्याकाळी येतो म्हणून सांगून गेला होता. पाटावर तात्यासाहेब बसले, शेजारी भिंतीला टेकून, पाय लांब करून तुकोजी. कणीक मळून झाकून ठेवली होती. चूल पेटली होती, पण तवा अजून खालीच होता.

"सूनबाई," तुकोजी म्हणाले, "निदान माझी एक तरी भाज."

"त्यांना येऊ द्या, मामंजी. आज येतो म्हणालेत."

"आणि नाही आला तर?"

विजयाबाई चुलीत काटकी सारत राहिली. काटकी उलटी चालली होती. तात्यासाहेब पाटावर अवघडून बसले होते. त्यांचंही सगळं लक्ष दाराबाहेर होतं. शब्द त्यांचा होता.

"बाई," थोड्या वेळानं ते म्हणाले, "किती वेळ?"

"आत्ता होतंय, सरकार," ती म्हणाली आणि तिलाच हसू आलं.

नाल्याकडून लॉरीचा भोंगा वाजला. तुकोजींनी ताट पुढे ओढलं, आणि विजयाबाईनं तवा चुलीवर ठेवला.